अथणीच्या बोअरला मचूळ पाणी: खडकात मीठ आलं कुठून?

एका शेतकऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यात अथणीच्या पूर्वेला शेती, काळी जमीन. पन्नास फुटी जुनी विहीर आहे, तिचं पाणी गोड, पण मार्च-एप्रिलमध्ये तळाला जाते. म्हणून बोअर मारलं. ३८० फुटांवर भरपूर पाणी लागलं, पण मचूळ. बोअरवाला म्हणतो, आणखी दोनशे फूट जाऊ, खाली गोडं पाणी आहे. गावातली जाणती माणसं म्हणतात, फार पूर्वी इथं समुद्र होता, त्याचं मीठ आहे. दोन्ही पाण्यांचे प्रयोगशाळेचे आकडे सोबत दिले आहेत. बोअर: टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) २३००, क्लोराइड ७४०, सोडियम ५७५, कठीणपणा ५२०, नायट्रेट ६. विहीर: टीडीएस ८५०, क्लोराइड ११०, नायट्रेट ६२. सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर.

आकडे दिलेत हे फार बरं केलंत. बहुतेक जण चव सांगतात आणि निदान मागतात. नारळ हातावर उभा करून पाणी दाखवणारे पुष्कळ आहेत, त्यातले काही जण चार बोअरपैकी तीन साधतातही, पण त्या पाण्यात काय विरघळलंय ते नारळ सांगत नाही.

बोअरवाल्याला आधी थांबवा. का, ते पुढे येईलच.

समुद्राचं म्हणाल तर आजचा समुद्र तुमच्या बोअरमध्ये येणं शक्य नाही. अथणी समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. ३८० फूट म्हणजे ११६ मीटर. म्हणजे बोअरचा तळसुद्धा समुद्राच्या पातळीपेक्षा चारशे मीटरहून जास्त वर राहतो, आणि मध्ये अख्खा सह्याद्री आहे. वेंगुर्ल्याला, मालवणला किनाऱ्यालगतच्या विहिरी जास्त उपसल्या की समुद्राचं पाणी आत सरकतं, ते खरं आहे. तिथं विहिरीतल्या पाण्याची पातळीच समुद्राच्या बरोबरीला असते. इथं पठारावर तो प्रश्न येत नाही.

राहिला जुना समुद्र. अथणी, चिकोडी, निपाणी, रायबाग या पट्ट्यात वरचा खडक म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, बसाल्ट. हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वर आलेला लाव्हा आहे. तो उघड्या जमिनीवर पसरला आणि थिजला. एक थर थिजायचा, त्यावर पाऊस-वारा होऊन माती बनायची, मग पुढचा थर यायचा. दोन थरांमध्ये जी तांबडी, गेरूसारखी माती बोअरच्या चुऱ्यातून येते ती हीच. समुद्राच्या तळाशी बनलेला हा खडक नाही, त्यामुळे त्याच्या पोटात समुद्राचं पाणी अडकून राहायला वावच नव्हता.

तरी जाणत्या माणसांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. आपल्या जिल्ह्यात खरोखर समुद्र होता, फक्त बसाल्टच्या कितीतरी आधी. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो तो कलादगी नावाच्या जुन्या खडकसमूहाचा वालुकाश्म आणि क्वार्टझाइट (घट्ट झालेला वालुकाश्म) आहे. तिथून पूर्वेला यादवाड, लोकापूरकडे गेलात की चुनखडी लागते, जिच्यावर सिमेंटचे कारखाने चालतात. ही चुनखडी उथळ समुद्रात साचली, पण तिचं वय शंभर कोटी वर्षांच्या पुढे जातं. एवढ्या काळात हा खडक वर उचलला गेला, झिजला, त्याच्या भेगांमधून पावसाचं पाणी अगणित वेळा फिरून गेलं. चारशे-पाचशे फुटांच्या आत त्या समुद्राचं मीठ आज उरलेलं नाही. आणि तुमच्याकडे तर पाणी त्या खडकातून नाही, वरच्या बसाल्टमधून येतंय.

मग मीठ आलं कुठून? मोठा हिस्सा आभाळातून आला, हे ऐकून लोक हसतात. पण बसाल्टमध्ये क्लोरीन नगण्य असतं. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम दगड देऊ शकतो, क्लोराइड देऊ शकत नाही. त्यामुळे पाण्यात ७४० क्लोराइड दिसलं की ते दगडाबाहेरून आलंय एवढं नक्की धरायचं. बाहेरून म्हणजे पावसातून, नाहीतर माणसा-जनावरांकडून.

मान्सूनचे ढग अरबी समुद्रावरून येतात आणि लाटांच्या तुषारांतलं मीठ अगदी थोड्या प्रमाणात बरोबर आणतात. हिशेबासाठी समजा, अथणीवर पडणाऱ्या पावसात लिटरमागे ३ मिलिग्रॅम क्लोराइड आहे आणि वर्षाला ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एका हेक्टरवर दरवर्षी साडेसोळा किलो क्लोराइड, मिठाच्या भाषेत २७ किलो. अर्ध्या पोत्याचा विषय. पण हे अर्धं पोतं दरवर्षी पडतं, आणि हजार वर्षांत २७ टन होतं.

पडलेल्या पाण्यातलं बहुतेक पुन्हा वर जातं. काही उन्हानं, आणि जास्त पिकांच्या व झाडांच्या मुळांवाटे. वर जाणारं पाणी निव्वळ पाणी असतं, मीठ मागेच राहतं. आमटी चुलीवर विसरली की खारट का होते, ते घरातल्या कुणालाही विचारा. जमिनीत हेच होतं, फक्त फार सावकाश.

आता उलटा हिशेब करा. पावसात ३, तुमच्या बोअरमध्ये ७४०. क्लोराइड मुळं फारसं शोषत नाहीत, माती धरून ठेवत नाही, दगडाशी त्याची प्रक्रिया होत नाही. म्हणून ते पाणी किती आटलं याचं सरळ माप देतं: जवळजवळ अडीचशे पट. ५५० मिलिमीटर पावसाला अडीचशेनं भागलं तर सव्वादोन मिलिमीटर येतात. म्हणजे तुमच्या त्या खालच्या थरात वर्षाकाठी जेमतेम दोन मिलिमीटर पाऊस पोचतो. पावसातलं ३ हे मी धरलेलं आहे, ते २ असेल किंवा ४ असेल, पण उत्तर त्यानं फार बदलत नाही. खालचं पाणी फार हळू बदलतं, म्हणून खारं आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मर्म एवढंच आहे. खारटपणा हा त्या पाण्याच्या मुक्कामाचा हिशेब आहे.

हे पटत नसेल तर खानापूर तालुक्यात जाऊन बघा. कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. समुद्र तिथून जवळ, त्यामुळे पावसातलं मीठ उलट जास्तच. तरीही विहिरींचं पाणी इतकं हलकं की काही ठिकाणी टीडीएस शंभराच्या आत भरतं. कारण वर जांभा आणि कुजलेला खडक आहे, पाणी आत शिरतं, उतारावरून झऱ्यानं बाहेर पडतं, आणि दरवर्षी सगळं धुऊन निघतं. तिथून बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, अथणी असं पूर्वेला येत जा. पाऊस कमी होत जातो, माती काळी आणि चिकट होत जाते, जमीन सपाट होत जाते, आणि पाण्याचा टीडीएस वाढत जातो. कृष्णेकडे येताना खडक तोच राहतो, फक्त धुणारं पाणी संपतं.

बसाल्टमध्ये समुद्राशिवाय खारं पाणी तयार होतं याचा सगळ्यांना माहीत असलेला पुरावा म्हणजे बुलडाण्याचं लोणार. उल्केनं पाडलेला खड्डा, चारही बाजूंनी काळा पाषाण, झऱ्याचं गोडं पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. उन्हानं आटून आटून ते सरोवर खारं आणि अल्कलीयुक्त झालं. त्याच भागातला पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे.

दगडाचा वाटा वेगळा आहे, आणि तो चवीपेक्षा शेताला जास्त भोवतो. पावसाचं पाणी मातीतून जाताना मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं, आणि बसाल्टला चावतं. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट सुटतं. विहिरीचं पाणी जड लागतं, साबण फेसाळत नाही, भांड्याला पांढरा थर बसतो, ते यामुळे. पुष्कळ जण या पाण्यालाही खारं म्हणतात, पण ते जड पाणी, खारं नाही. हेच पाणी खोल जाऊन वर्षानुवर्षं मुरलं की आणखी एक बदल होतो. बोअरच्या चुऱ्यात पांढरे, कधी गुलाबीसर चकचकीत तुकडे येतात, ते झिओलाइट नावाचं खनिज असतं. मांजऱ्या, म्हणजे बुडबुड्यांसारख्या पोकळ्या असलेल्या खडकात ते भरलेले असतात. झिओलाइट आणि तांबड्या थरातली चिकणमाती पाण्यातलं कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतात आणि त्याबदल्यात सोडियम सोडतात. पाणी मऊ होतं, साबण छान फेसाळतो, बायका म्हणतात बोअरचं पाणी धुण्याला चांगलं. आणि तेच पाणी काळ्या जमिनीत दोन हंगाम दिलं की जमीन चोपण होते, वर पापुद्रा धरते, पाणी आत जात नाही. कॅल्शियम घटलं की फ्लोराइड पाण्यात राहायला मोकळीक मिळते, म्हणून अशा पाण्यात फ्लोराइड तपासायलाच हवं. तुमच्या तपासणीत ते नाही. सौंदत्ती, बैलहोंगलकडे बसाल्ट संपून ग्रॅनाइट-नाइससारखे फार जुने स्फटिकी खडक लागतात, तिकडे तर ही तपासणी आधी.

आता खोलीचं. बसाल्ट म्हणजे एकावर एक बसलेले थर. प्रत्येक थराचा वरचा भाग मांजऱ्या, फुटका, पाणी धरणारा, आणि पोट घट्ट काळा पाषाण, ज्यात भेग असेल तरच पाणी. बोअर घेताना दोनशे फूट कोरडा धुरळा उडतो आणि मग अचानक पाणी उसळतं, ते दोन थरांच्या सांध्यावर. वरच्या शे-दीडशे फुटांतलं पाणी पावसाशी जोडलेलं असतं. तुमचं ३८० फुटांवरचं पाणी त्याच्याखाली, तांबड्या थरानं झाकलेलं, वेगळं पाणी आहे. ‘भरपूर लागलं’ यावर भुलू नका. भरपूर म्हणजे साठा मोठा आहे, भरणा मोठा आहे असं नाही. वर्षाला दोन मिलिमीटर भरणा असलेला साठा उसासाठी उपसला तर तो काही वर्षांत आटतो.

म्हणूनच आणखी दोनशे फूट जाऊ नका. खाली जावं तसं पाणी जुनं होतं, आणि जुनं म्हणजे जास्त खारं, हा नियम मोडणारी ठिकाणं असतात पण थोडी. एखाद्या भेगेतून वरचं ताजं पाणी थेट खाली पोचत असेल तर अपवाद होतो. बोअरवाल्याला फुटामागे पैसे मिळतात, हेही लक्षात असू द्या.

बसाल्टच्या खाली काय, तर आपल्याकडे कुठे कलादगी, कुठे धारवाडचे शिस्ट (पापुद्र्यांचे जुने खडक), आणि सगळ्यांच्या खाली तीनशे कोटी वर्षांच्या घरातला नाइस. कोयनेच्या बाजूला भूकंपाच्या अभ्यासासाठी सुमारे तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हाही बसाल्टखाली ग्रॅनाइट-नाइसच लागला. अशा जुन्या स्फटिकी खडकांत किलोमीटरच्या खोलीवर जगभर एक वेगळंच खारं पाणी सापडतं. कॅनडातल्या खाणींमध्ये ते समुद्राच्या कितीतरी पट खारं आहे, आणि त्यात सोडियमबरोबर, कधी त्याहून जास्त, कॅल्शियम क्लोराइड असतं. टिमिन्सजवळच्या किड क्रीक खाणीत सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरच्या पाण्याचं वय शंभर कोटी वर्षांहून जास्त निघालं. तिथलं मीठ कुठून आलं यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. काही म्हणतात जुन्या समुद्राचं पाणी भेगांतून उतरलं. काही म्हणतात स्फटिकांच्या आत सूक्ष्म थेंब कोंडलेले असतात ते फुटले. काही म्हणतात खडकातली खनिजं स्वतःच पाणी शोषून बदलत जातात आणि मीठ उरलेल्या पाण्यात घट्ट होतं. बहुधा ठिकाणागणिक यांचं मिश्रण असावं. ‘दगडात मीठ असतं का’ या प्रश्नाला तिथं ‘हो, थोडं असतं’ असं उत्तर देता येतं. पण तुमचं बोअर त्या दुनियेपासून फार वर आहे. त्याचा आधार घेऊन अथणीचं पाणी समजावून सांगायची गरज नाही.

माणसांनी घातलेल्या मिठाचं मात्र सांगायला हवं, कारण आपल्या जिल्ह्यात ते कृष्णाकाठी डोळ्यांना दिसतं. रायबाग, कुडची, अथणीच्या नदीकाठच्या पट्ट्यात उसाच्या रानाला मीठ फुटलेलं तुम्ही पाहिलं असेल. कालव्याचं पाणी गोड असतं, पण त्यातही क्षार असतातच. समजा लिटरला ३०० मिलिग्रॅम. उसाला वर्षाला दीड मीटर पाणी दिलं तर एकरी साधारण ६००० घनमीटर पाणी होतं, आणि त्याबरोबर १.८ टन क्षार शेतात येतात. ऊस पाणी पितो, क्षार जवळजवळ सगळे जमिनीत ठेवतो. निचरा असेल तर ते खाली वाहून जातात. काळ्या जमिनीत निचरा नसतो, पाण्याची पातळी वर येते, आणि चार-पाच फुटांवर आली की माती ते वर खेचते आणि पृष्ठभागावर क्षार सोडते. शिवाय म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. यात वजनानं जवळपास निम्मं क्लोराइड असतं. पोटॅश मातीत थांबतं, क्लोराइड पाण्याबरोबर खाली जातं. गावातल्या गटारी आणि शोषखड्डे यांचं काम वेगळं नसतं. साखर कारखाना किंवा डिस्टिलरीचं पाणी ओढ्यात सोडलं जात असेल तर ओढ्याकाठच्या विहिरींना आधी कळतं.

तुमचं मीठ यातलं आहे का? इथं नायट्रेट कामी येतं. शेण, मैला, युरिया यांचं पाणी आलं तर क्लोराइडबरोबर नायट्रेटही वाढतं. तुमच्या बोअरमध्ये क्लोराइड ७४० आणि नायट्रेट फक्त ६. वरून घाण उतरली असती तर असं दिसलं नसतं. एक शक्यता उरते की खोल, हवा नसलेल्या पाण्यात जिवाणूंनी नायट्रेट खाऊन टाकलं. पण त्यासाठीही पाणी बराच काळ तिथं असावं लागतं. दोन्ही अर्थांनी तुमचं बोअरचं पाणी जुनं आहे आणि त्यातलं मीठ नैसर्गिक आहे.

गंमत विहिरीची आहे. तिला तुम्ही गोड म्हणता, आणि तिच्यात नायट्रेट ६२ आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मर्यादा ४५ आहे आणि तिला सवलत नाही. नायट्रेटला चव नसते. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याच्या दुधाच्या पावडरीत हे पाणी वापरू नका, आणि उकळल्यानं नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे वाढतं. विहिरीच्या वरच्या अंगाला गोठा, उकिरडा किंवा शोषखड्डा आहे का ते आधी बघा. मला विचाराल तर बोअरपेक्षा या विहिरीची काळजी आधी घ्यायला हवी.

बोअरचं पाणी पिण्याला म्हणाल तर टीडीएसची कमाल मर्यादा २०००, तुम्ही तिच्या वर आहात. आरओ बसवलात तर पाणी मिळेल, पण जे खारं पाणी बाहेर टाकाल ते परत विहिरीजवळ मुरवू नका. शेतीला म्हणाल तर सोडियम आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम यांचं प्रमाण, ज्याला एसएआर म्हणतात, ते तुमच्या आकड्यांवरून ११ च्या आसपास येतं. वाळूच्या जमिनीत चाललं असतं. काळ्या भारी जमिनीत हे पाणी एकट्यानं कायम देऊ नका. कालव्याचं किंवा विहिरीचं पाणी मिळेल तेव्हा आलटून-पालटून, आणि पावसाळ्यात जमीन धुऊन निघेल असा चर काढूनच. सोडियम हटवायला जिप्सम घालायचं तर मातीची तपासणी करून, आणि निचरा असेल तरच. निचऱ्याशिवाय जिप्सम म्हणजे पैसे मातीत.

अजून एक काम करता येईल. बोअरला कितीपर्यंत केसिंग (आतला आधाराचा पाइप) आहे ते विचारा, आणि शंभर-दीडशे फुटांवर एखादा ओला सांधा लागला होता का तेही. लागला असेल तर पंप वर उचलून तेवढ्याच पाण्यावर चालवून बघा. बोअर उघडं ठेवलं की वरचं गोडं आणि खालचं खारं एकमेकांत मिसळतं. वरचा सांधा कामाचा निघाला तर खालचा भाग चिकणमाती आणि सिमेंटनं बंद करून टाकता येतो, फक्त हे काम जाणकार माणसाच्या देखरेखीखाली करा. पुढचं बोअर घेतलंत तर दर ओल्या सांध्याला पाणी बाटलीत घेऊन ईसी (वीजवाहकता) मीटरनं तिथंच मोजा. कामचलाऊ मीटर काही शे रुपयांना मिळतो. ईसीला (मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी) ०.६४ नं गुणलं की टीडीएस अंदाजे कळतो, आणि आकडा चढायला लागला की मशीन थांबवता येते. छपराचं पावसाचं पाणी गाळून विहिरीत सोडायला हरकत नाही. शेतावरून वाहणारं पाणी मात्र थेट बोअरमध्ये सोडू नका, त्यानं वरचं नायट्रेट खाली जाईल.

तपासणी पुन्हा करायची तर मे अखेर एकदा आणि ऑक्टोबरात एकदा, त्याच प्रयोगशाळेत करा. दोन्ही वेळा बोअरचा आकडा तसाच राहिला तर पावसाचं पाणी तिथं पोचत नाही हे पक्कं. अधिक खोलात जायचं असेल तर पाण्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून ते उन्हानं आटलंय की मुळांनी, हेही ओळखता येतं. बेळगावात राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचं कठीण खडकांसाठीचं प्रादेशिक केंद्र आहे, अशा तपासणीची चौकशी तिथं करता येईल. नमुना घेताना पंप आधी अर्धा तास चालू ठेवा, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, तोंडापर्यंत भरा आणि झाकणाखाली हवा राहू देऊ नका. नायट्रेटसाठीची बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा, आणि फ्लोराइडचा रकाना भरायला विसरू नका.